सार्कचा 'सी': सहकार, सहकार्य की सहयोग?

प्रश्न असा आहे: सार्क ही दक्षिण आशियाई देशांची संघटना, आणि तिच्या इंग्रजी नावातला शेवटचा 'सी' म्हणजे 'रीजनल कोऑपरेशन'मधले 'कोऑपरेशन'. तिच्याबद्दल वाचताना कुठे 'प्रादेशिक सहकार्य', कुठे 'क्षेत्रीय सहयोग', तर स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत 'प्रादेशिक सहकार' दिसते. यातले बरोबर कोणते?

मी 'प्रादेशिक सहकार्य' लिहितो.

'सहकार' व्याकरणाने चुकीचा नाही. पण मराठीत या शब्दाचा सातबारा साखर कारखाने, पतसंस्था आणि दूध संघांच्या नावावर केव्हाच झाला. सहकार म्हटले की सभासद, भागभांडवल, वार्षिक सर्वसाधारण सभा आणि तिथली खडाजंगी आठवते. (संस्कृत काव्यात सहकार म्हणजे चक्क आंब्याचे झाड, पण ते असो.) 8 डिसेंबर 1985 रोजी ढाक्यात सात देशांनी सार्कची सनद स्वीकारली तेव्हा कुणी शेअर घेतले नव्हते. शिवाय सहकारी संस्थेत ठराव बहुमताने होतात, तर सार्कच्या सनदेनुसार प्रत्येक निर्णय एकमतानेच व्हावा लागतो आणि दोन देशांमधले वादाचे विषय चर्चेलाच घेता येत नाहीत. एकाने मान हलवली नाही की गाडे अडले. 2014 मध्ये काठमांडूला भरलेली शिखर परिषद अजून तरी शेवटचीच आहे. याला सहकार म्हणणे म्हणजे आपल्या कारखान्यांवरही अन्यायच!

'सहयोग' हिंदीत चालतो. तिथे आपल्या सहकाराला 'सहकारिता' म्हणतात, त्यामुळे घोटाळा होत नाही. मराठीत मात्र 'अमुक मंडळाच्या सहयोगाने' म्हटले की कार्यक्रमपत्रिकेची आठवण येते.

'क्षेत्रीय' हेही हिंदीचे पाहुणे. हिंदीतले 'क्षेत्रीय दल' म्हणजे आपला प्रादेशिक पक्ष. यावर कुणी म्हणेल, 'प्रादेशिक' म्हटले की आरटीओ आठवतो, राज्याच्या आतले काहीतरी वाटते. खरे आहे, पण मागे 'दक्षिण आशियाई' असले की तो गैरसमज टिकत नाही. 'विभागीय' मात्र नको, तो शब्द आयुक्तांकडेच राहू द्या.

क्षेत्र हे नाम मात्र आपलेच. धरणाचे लाभक्षेत्र असते, तसेच साफ्टा म्हणजे दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्र. करार 2004 चा, अंमल 2006 पासून. त्याआधीचा 1993 चा साप्टा मुक्त व्यापाराचा नव्हता, ठरावीक मालावर एकमेकांना जकातीत सवलत देण्याचा होता. म्हणून त्याला 'प्राधान्य व्यापार करार' म्हणावे. टिपणांत या दोघांची सर्रास अदलाबदल होते. 'सहकार'पेक्षा ती चूक जास्त महागात पडेल.