डायनाला सासरच्यांनीच संपवलं का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी खानापूरचा, बेळगावात कामाला आहे, रोज येजा करतो. परवा जेवताना मोबाईलवर इंग्लंडच्या राजघराण्याच्या घटस्फोटित सुनेचा, डायनाचा व्हिडिओ लागला आणि आमची आत्ती ठाम म्हणाली, सासरच्यांनीच घातपात केला, दुसऱ्या धर्माच्या मुलाशी लग्न करणार होती आणि पोटुशी होती म्हणून. मी म्हटलं ड्रायव्हर प्यायलेला, विषय संपला. तर म्हणते, मग तिनं आधीच चिठ्ठीत अपघात होणार म्हणून कसं लिहिलं? मला उत्तरच सुचलं नाही. खरं काय हो?

उत्तर : आत्तींना वेड्यात काढू नका. त्यांचा संशय कुठून येतोय ते मला पक्कं कळतंय. आपल्याकडं सून विहिरीत पडली म्हणून निरोप आला की माहेरची माणसं आधी तिचा गळा बघतात, हातावर वळ हायत काय बघतात, मग रडतात. आणि कितीदा तरी त्यांचा संशय खरा निघालाय. तेव्हा विचारायचं तर विचारायलाच पाहिजे, फक्त विचारल्यावर जे सापडतं ते मानायची तयारी पण ठेवायची.

चिठ्ठी खरीच आहे. गाडीचे ब्रेक निकामी करून, डोक्याला जबर मार बसेल असा अपघात घडवतील असं तिनं आपल्या बटलरला, म्हणजे घरच्या मुख्य नोकराला लिहिलेलं, ते 2003 मध्ये पेपरात छापून आलं. ऑक्टोबर 1995 मध्ये तिनं आपल्या वकिलालाही जवळजवळ हेच सांगितलेलं, वकिलानं टिपण करून ठेवलं, ती गेल्यावर लगेच लंडनच्या पोलिसांना नेऊन दिलं, आणि पोलिसांनी ते 2003 पर्यंत तिजोरीत ठेवलं! हे वाचलं तेव्हा माझाही जीव जळला. सहा वर्षं असला कागद दाबून ठेवल्यावर लोक संशय घेणार नाहीत तर काय करणार?

पण आता ती रात्र बघा. 31 ऑगस्ट 1997, पॅरिस, मध्यरात्र उलटून गेलेली. फोटोवाल्यांना चुकवायचं म्हणून रिट्झ हॉटेलच्या मागच्या दारानं निघायचं ठरलं ते ऐनवेळी, गाडी ऐनवेळची, आणि चालवायला हेन्री पॉल, जो हॉटेलच्या सिक्युरिटीचा माणूस, ड्युटी संपवून गेलेला आणि परत बोलावलेला. त्याच्या रक्तात दारू फ्रेंच कायद्याच्या मर्यादेच्या तिप्पट निघाली. रक्त बदललं असं लोक म्हणत होते म्हणून नंतर डीएनए जुळवून बघितलं, तर त्याचंच. ताशी 50 ची मर्यादा असलेल्या बोगद्यात गाडी 100 च्या वर, तेराव्या खांबाला धडकली. गाडीत चौघं, एकानंही बेल्ट लावला नव्हता. आता मारायचा बेत कुणी केला असता तर ती बेल्ट लावणार नाही हे त्याला आधी कसं कळणार, तिनं लावला असता तर बहुतेक वाचली असती असं तपासात तज्ज्ञांनीच सांगितलंय.

पोटुशीचं म्हणाल तर गाडीतलं तिचं रक्त तपासलं, गरोदरपणाची खूण मिळाली नाही.

दवाखान्यात न्यायला उशीर केला असंही व्हिडिओत दाखवतात. अपघात 12:23 ला, दवाखान्यात पोचायला 2 वाजून गेले, आपल्याला हे पटणारच नाही, आपण उचलतो आणि थेट केएलई दवाखान्यात पळवतो. तिकडं ॲम्ब्युलन्समध्ये डॉक्टरच असतो, जागेवर उपचार करून मगच हलवायचं ही त्यांची पद्धत. तिच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी फाटली होती हो.

राजघराण्यानं मारलं, तिचा सासरा फिलिप आणि गुप्तहेर खात्यानं मिळून केलं, हा आरोप मोहम्मद अल फायद यांनी केला, म्हणजे त्याच गाडीत तिच्यासोबत गेलेला तिचा मित्र डोडी याच्या वडिलांनी. पोरगा गेलेला बाप, त्याचं दुःख मी समजू शकते. त्यासाठी लंडनच्या पोलिसांनी वेगळा तपास केला, 2006 मध्ये 832 पानांचा अहवाल आला. मग कोर्टात सहा महिने सुनावणी, अडीचशेच्या वर साक्षी, आणि न्यायाधीशांनी ज्युरीला, म्हणजे निकाल द्यायला बसवलेल्या सामान्य माणसांना, सरळ सांगितलं की राजघराण्याच्या सांगण्यावरून खून झाल्याचा काहीच पुरावा नाही. 7 एप्रिल 2008 ला ज्युरीनं ‘अनलॉफुल किलिंग’, म्हणजे बेकायदा कृत्यानं झालेला मृत्यू, असं म्हटलं. व्हिडिओवाले इथंच घोळ घालतात, त्याचा अर्थ खून असा सांगतात. ज्युरीनं दोष दिला तो हेन्री पॉलच्या आणि पाठलाग करणाऱ्या गाड्यांच्या बेफाम ड्रायव्हिंगला.

आत्ती विचारतीलच, मग सासरच्यांचा काहीच दोष नाही काय? तर तिचा संसार मोडला, ‘हर रॉयल हायनेस’ हा मान काढून घेतला, हे खरं. आणि भीती तिच्या मनात आधीच होती, त्यात बीबीसीच्या एका मुलाखतकारानं मुलाखत मिळावी म्हणून तिच्या भावाला खोटी बँक स्टेटमेंट दाखवली, हे 2021 च्या चौकशीत उघड झालंय. ही मुलाखत पण 1995 चीच. आत्तींना सांगा, त्या पोरीची भीती खोटी नव्हती, ती खरंच भ्यालेली होती.