कार्ड खिशात आहे, गोळ्यांचं काय?

वाचकांचे प्रश्न, आरोग्यताईंची उत्तरं
(ताईंनी ३१ वर्षं ग्रामीण भागात आरोग्यसेविका म्हणून काम केलं आहे.)

प्रश्न : ताई, माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ७४ वर्षांचे आहेत. आईसोबत गावाकडे राहतात, मी चाकणला कंपनीत आहे. अण्णांना बारा वर्षांपासून बीपी आणि शुगर आहे. औषधांना महिन्याला दोन हजारांच्या वर जातात, ते मी पाठवतो. गावात शिबिर झालं तेव्हा अण्णांचं सत्तरीवरच्यांचं आयुष्मान कार्ड निघालं. दिवाळीला गेलो तर गोळ्यांचा डबा रिकामा! विचारलं तर म्हणाले, "आता सरकारनं पाच लाखांचं कार्ड दिलंय. काही झालं तर ॲडमिट होऊ. दर महिन्याला तुझे पैसे कशाला घालवायचे?" दोन महिने एकही गोळी घेतलेली नाही. कार्ड घेऊन मेडिकलवर गेलो, तर दुकानदार म्हणाला इथं चालत नाही. मग या कार्डाचा उपयोग काय? आईचं वय ६६, तिचं तर कार्डच निघालं नाही.
— एक वाचक, जि. धाराशिव

उत्तर : भाऊ, कार्डाचं नंतर सांगते. आधी अण्णांना फोन करा आणि उद्या सकाळी उपाशीपोटी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायला सांगा. दोन महिन्यांचा खंड पडलाय, तेव्हा जुन्या चिठ्ठीवरून परस्पर गोळ्या सुरू करू नका. बीपी मोजू दे, साखर तपासू दे, मग किती गोळी द्यायची ते डॉक्टर ठरवतील. मधल्या काळात तोंड वाकडं झालं, हातापायातला जोर गेला, बोलणं अडखळलं किंवा छातीत कळ आली, तर घरगुती उपाय करत बसू नका. थेट १०८ला फोन.

आणि अण्णांवर चिडू नका. त्यांनी लेकाचे पैसे वाचवायला गोळ्या सोडल्या. माझ्या नोकरीत अशी किती माणसं पाहिली म्हणून सांगू! एका वाडीवर एक आजी होत्या. बीपीची गोळी मशेरीच्या रिकाम्या डबीत ठेवायच्या. एकदा मी डबी उघडली, तर आत गोळ्यांचे नुसते अर्धे तुकडे, विळीवर कापलेले, कडा चुरलेल्या. श्रावणबाळचे पैसे हातात येईपर्यंत पुरवायच्या म्हणून रोज अर्धीच घ्यायच्या. मी रागावले तर म्हणाल्या, "डोकं दुखतंय का माझं? मग अर्धीनं भागतंय की." बीपीचं हेच तर वाईट आहे. वाढलेलं असलं तरी बहुतेकांना काही जाणवत नाही. पुढच्या उन्हाळ्यात आजींची उजवी बाजू गेली. दवाखान्यातला खर्च योजनेतून झाला, एक रुपया भरावा लागला नाही. पण घरी आणल्यावर पुढचे नऊ महिने सून मजुरीला जाऊ शकली नाही. कुशीवर वळवणं, भरवणं, अंथरूण बदलणं, सगळं तिच्या अंगावर. त्या नऊ महिन्यांचे पैसे कुठल्याच कार्डातून मिळत नाहीत. अण्णांना ही गोष्ट जशीच्या तशी सांगा.

आता कार्ड. अण्णांचं आहे ते वय वंदना कार्ड. २९ ऑक्टोबर २०२४ला ही सोय सुरू झाली. ७० वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही मिळतं, उत्पन्न किती, रेशनकार्ड कुठल्या रंगाचं, हे विचारत नाहीत. वय फक्त आधारवरचं धरतात. (आपल्याकडे कितीतरी म्हाताऱ्या माणसांच्या आधारवर अंदाजाने १ जानेवारी टाकलेलं असतं आणि साल चार-पाच वर्षांनी चुकलेलं. शेजारीपाजारी कोणी त्यामुळे अडलं असेल तर आधी पुरावा गोळा करा, कारण जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते.) वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार यातून होतात. घरात सत्तरीवरची दोन माणसं असली तर ते पाच लाख दोघांत मिळून. जुना आजार आहे म्हणून नाकारत नाहीत, पहिल्या दिवसापासून चालतं. हे फार मोलाचं आहे, कारण एरवी विकत घेतलेल्या विम्यात जुन्या बीपी-शुगरसाठी बऱ्याचदा काही वर्षं थांबावं लागतं.

पण हे कार्ड चालतं दवाखान्यात भरती झाल्यावर. भरतीच्या आधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस, यातल्या तपासण्या आणि औषधं त्यात येतात. या पंधरा दिवसांची औषधं बरेच लोक मागतच नाहीत, तुम्ही मागा. रोजची गोळी, महिन्याची साखर तपासणी, डॉक्टरांची फी यात येत नाही. दुकानदार खरं तेच बोलला.

मला हे पटत नाही, आणि मी हे प्रत्येक बैठकीत बोलत आले आहे. म्हाताऱ्या माणसाच्या घरातला पैसा भरतीपेक्षा जास्त दर महिन्याच्या गोळ्यांत जातो. भरतीचे लाखभर रुपये द्यायचे आणि ती टाळणारी गोळी ज्याची त्याने घ्यायची, हा हिशोब उलटा आहे. योजनेत बाहेरून घ्यायची औषधं यायलाच हवीत.

तोवर काय करायचं? गोळ्या फुकट मिळण्याची जागा वेगळी आहे, आणि ती अण्णांच्या घराजवळ आहे. १५ ऑगस्ट २०२३पासून आपल्या राज्यात आरोग्य विभागाच्या सगळ्या सरकारी दवाखान्यांत केसपेपरपासून उपचारापर्यंत पैसे घेत नाहीत. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या, म्हणजे ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, या आरोग्य केंद्रात मिळतात. एकदा तिथल्या डॉक्टरांनी औषध बसवून दिलं की पुढे दर महिन्याला गावातल्या उपकेंद्रावरून, आता पाटी 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी असते, तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडून घेता येतात. आशाताईला नाव सांगून ठेवा. तिच्याकडे तिशीवरच्या सगळ्यांच्या नोंदी असतात आणि अण्णा गेले नाहीत तर ती घरी येऊन विचारेल.

जाताना अण्णांनी नुसती चिठ्ठी नेऊ नये. घरात असतील तेवढी गोळ्यांची पाकिटं, रिकामी झालेलीसुद्धा, पिशवीत भरून न्यावीत. खासगीत बऱ्याचदा एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात. सरकारीत तीच वेगवेगळी मिळतात, म्हणून एकीच्या जागी तीन गोळ्या हातात येतात आणि माणूस घाबरतो. रंगही बदलतो. आमची माणसं औषध नावावरून ओळखत नाहीत, "सकाळची पांढरी, रात्रीची पिवळी" अशी ओळखतात. म्हणून नव्या पाकिटावर पेनानं सूर्य आणि चंद्र काढून द्या. मी शेकडो पाकिटांवर काढलेत.

साठा संपलाय असं कधी ना कधी ऐकावं लागेल, तेही सांगते. म्हणून घरात आठवड्याच्या गोळ्या शिल्लक असतानाच पुढच्या घ्यायला जायचं. दोनदा रिकाम्या हातानं परत यावं लागलं तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी द्या आणि ग्रामसभेतही विषय काढा. तोंडी तक्रार हवेत जाते. मधल्या काळात जनऔषधी केंद्रातून घेतल्या तरी तुमचे दोन हजार बरेच खाली येतील.

वर्षातून एकदा किडनीसाठी क्रिएटिनिन आणि डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. आणि सुट्टीला गेलात की अण्णांचे तळपाय तुम्ही स्वतः उजेडात बघा. शुगरच्या माणसाला बाभळीचा काटा रुतलेला कळत नाही, आणि सत्तरीत वाकून स्वतःचा तळवा कोणाला दिसतो?

आईला वय वंदना मिळणार नाही, पण ती उघड्यावर नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली आहे, पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनासुद्धा, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. रेशनकार्डावर आईचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का, तेवढं आत्ताच बघा. भरतीच्या दिवशी तहसीलला धावायची वेळ येऊ नये.

प्रश्न : सासूबाई ७६ वर्षांच्या, किडन्या निकामी. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, तेही पन्नास किलोमीटरवर. डायलिसिस योजनेतून होतं, पण जाण्यायेण्यात आणि वरच्या खर्चात आम्ही बुडालो. परवा दवाखान्यात एका इंजेक्शनचे वेगळे पैसे मागितले. द्यावेत का?
— एक सून, जि. रत्नागिरी

उत्तर : बाई, पैसे देण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राकडे जा. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात त्यांचं टेबल असतं. "हे पॅकेजमध्ये आहे की नाही?" एवढंच शांतपणे विचारा. आहे म्हणाले तर प्रश्न मिटला. नाही म्हणाले आणि पैसे भरावेच लागले, तर पावती घ्या. पावती द्यायला नकार आला तर तिथूनच फुले योजनेच्या १५५३८८ला फोन करा, आयुष्मान कार्ड असेल तर १४५५५ला. फोनवर तक्रार क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा. डायलिसिस बंद करतील म्हणून तुम्ही गप्प बसत असाल, ती भीती मला कळते. पण विचारणाऱ्याशी लोक जपून वागतात, हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

जाण्यायेण्याचं म्हणाल, तर ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास राज्यात मोफत आहे आणि तुम्हाला अर्धं तिकीट. डायलिसिसनंतर मात्र सासूबाईंना एसटीत उभं राहावं लागता कामा नये. त्यांना गळून गेल्यासारखं होतं, बीपी उतरतं. परतीच्या गाडीची वेळ बघून डायलिसिसची पाळी सकाळची मागून घ्या. शिवाय तुमच्या जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात डायलिसिसची मशीन आहे का, याची चौकशी एकदा स्वतः जाऊन करा, फोनवर नीट सांगत नाहीत. असेल तर आताच्या डॉक्टरांकडून सगळ्या कागदांची प्रत आणि कावीळ-एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट घेऊन जा. त्याशिवाय नवीन ठिकाणी मशीनवर घेत नाहीत आणि तुमची एक खेप फुकट जाईल.