उल्का मोजायच्या तर शेंगदाणे घ्या

प्रश्न : बाई, गेल्या १३ डिसेंबरला मिथुन राशीतला उल्कावर्षाव बघायला मुलांना घेऊन मुरबाडच्या पुढे गेलो. 'ताशी १२० उल्का' असं मोबाइलवर वाचलं होतं. साडेआठ ते साडेनऊ थांबलो, दिसल्या चार. धाकटा म्हणाला, 'बाबा, फसवलंत.' आमचं काय चुकलं? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : वेळ चुकली, बाकी काही नाही. या उल्का आकाशात जिथून निघाल्यासारख्या वाटतात तो बिंदू पुनर्वसू नक्षत्रातल्या कॅस्टर या ताऱ्याजवळ आहे. तुम्ही पोचलात तेव्हा तो ईशान्येला जेमतेम एक मूठ वर आला असेल. (हात ताठ करून मूठ धरली की आकाशात साधारण दहा अंश झाकले जातात, हे माप फुकट आहे आणि घरी विसरत नाही.) तोच बिंदू रात्री दोन-अडीचला जवळजवळ डोक्यावर येतो. म्हणजे सिनेमाची पाटी पडली आणि तुम्ही उठून गेलात.

आता १२० चं. तो आकडा गाडीच्या जाहिरातीतल्या मायलेजसारखा असतो. बिंदू बरोबर डोक्यावर, आकाश काळंकुट्ट, कुठे झाड नाही की ढग नाही, असं सगळं जुळलं तर. एरवी चांगल्या गावात पहाटे ताशी तीस-चाळीस दिसल्या तरी मी खूश असते. आणि धाकट्याला विचारा, त्या चारांतली एखादी अर्धं आकाश कापत लांबलचक गेली होती का? बिंदू क्षितिजाजवळ असताना उल्का थोड्याच दिसतात, पण काही अशा वातावरणाला घासून जाणाऱ्या असतात. तशी एक बघितली असेल तर फसवणूक झालेली नाही.

डोळ्यांना अंधार सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मध्ये कुणी मोबाइल उघडला की मोजणी पुन्हा शून्यापासून. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद दुहेरी करून रबराने बांधा. खुर्च्या नेऊ नका, मान धरते. सतरंजी, वर वाकळ, कानटोपी. बघायचं त्या बिंदूकडे टक लावून नाही. तिथल्या रेघा आखूड असतात. त्याच्यापासून तीन-चार मुठी बाजूला नजर सैल सोडायची.

२०१७ च्या डिसेंबरात म्हसवडजवळ भाच्याच्या शेतात मी बारा ते तीन आडवी पडले होते. अंधारात वहीत टिंबं मारता येत नाहीत, म्हणून डाव्या खिशात शेंगदाणे भरले आणि प्रत्येक उल्केला एक दाणा उजव्या खिशात. दवाने वाकळ इतकी भिजली की पिळली असती तर पाणी निघालं असतं. तीन वाजता मोजले तर ८७ दाणे. मात्र दीडच्या सुमाराला उजव्या खिशातलेच काही तोंडात गेले होते, त्यामुळे खरा आकडा देवाला ठाऊक.

आणि हो, अंदाज चुकतातही. १९९८ च्या नोव्हेंबरात सिंह राशीच्या उल्कांसाठी १७ च्या रात्री निम्मा महाराष्ट्र गच्चीवर होता, मीही होते. तेजस्वी गोळे पडून गेले होते आदल्या रात्री, आम्ही साखरझोपेत असताना!

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. तारे ओळखायला शिकायचंय. बारा हजारांची दुर्बीण घेऊ का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : नको गं. दुर्बिणीतून चिमूटभर आकाश दिसतं. कुठली चिमूट घ्यायची हे आधी कळायला हवं. उल्कांसाठी तर ती निरुपयोगीच.

बार्शीचं आकाश अजून बरं आहे. डिसेंबरात रात्री दहाला गच्चीवर जा, पूर्वेला तोंड कर. तीन तारे एका रेषेत, जवळजवळ उभे दिसतील. तो मृगाच्या पोटात रुतलेला बाण. भोवतीचे चार तारे मृगाचे पाय. बाणाची रेष खाली क्षितिजाकडे वाढव, लखलखणारा व्याध सापडेल. ज्याने बाण मारला तोच. तीच रेष वर ने, तांबूस रोहिणी. आणखी वर कृत्तिकांचा पुंजका. त्यात किती मोजता येतात ते रोज लिहून ठेव. सहा दिसले तर आकाश चांगलं.

पहिला महिना एवढंच. रोज त्याच वेळी बघ. दर रात्री तारे चार मिनिटं आधी उगवतात, म्हणजे महिन्यात दोन तास. जानेवारीत त्याच दहा वाजता मृग खूप वर आलेला बघितलास की पुस्तकात वाचलेली पृथ्वीची परिभ्रमणगती एकदम डोळ्यांपुढे उभी राहील. (एकतीस वर्षं भूगोल शिकवला, फळ्यावर हे कधीच नीट समजावता आलं नाही.) पुढे पैसे टाकायचेच तर दोन डोळ्यांची, ७×५० ची (सातपट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) साधी दुर्बीण घे.

प्रश्न : २०२२ च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी आमच्याकडे आकाशातून जळत्या गोळ्यांची रांग गेली. ती उल्काच होती ना? घरात अजून वाद आहे. (एक वाचक, चंद्रपूर जिल्हा)

उत्तर : वाद मिटवा : नव्हती. चीनच्या लाँग मार्च जातीच्या रॉकेटचा रिकामा टप्पा होता तो, वर्षभर पृथ्वीभोवती फिरून खाली आलेला. सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं, ते त्याचंच.

फरक वेगाचा. असा कचरा सेकंदाला आठेक किलोमीटरने येतो, म्हणून सावकाश, तुकडे होत, एकामागून एक जातो; घरातल्यांना हाका मारून बाहेर बोलवता येतं. डिसेंबरच्या उल्का सेकंदाला ३५ किलोमीटरने येतात, सिंह राशीच्या ७१. त्या बहुधा वाळूच्या कणाएवढ्या, फार तर वाटाण्याएवढ्या. 'ती बघ' म्हणेपर्यंत खेळ आटोपतो.

प्रश्न : ऑगस्टमधला ययाती तारकासमूहातला उल्कावर्षाव कोकणातून दिसेल का? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : १२-१३ ऑगस्टला? गुहागरात? छत्री घेऊन बसा. नाहीतर डिसेंबरची वाट बघा, आणि त्या दिवशीची तिथी कॅलेंडरात आत्ताच बघून ठेवा. पौर्णिमेच्या आसपास असली तर झोपा खुशाल.