आणखी एक ड्रॉप नक्की कोणासाठी, दादा?

डोंबिवलीहून एका वडिलांचं लांबलचक पत्र आलंय. थोडक्यात असं, की मुलगी दोनदा नीटला बसली, दोन्ही वेळा कटऑफच्या खूप खाली, आता ती म्हणते होम सायन्स करायचंय आणि हे म्हणतात अजून एक ड्रॉप घे, म्हणजे आणखी वर्षभर थांबून पुन्हा नीट दे. अगदीच ऐकत नसेल तर होम सायन्स, मग बीएड, टीचर हो, "निदान सेफ राहील, लग्नालाही बरं पडतं".

दादा, मार्कांचं मला काही विशेष वाटलं नाही. पण तुमच्या पत्रात "नातेवाईकांना काय सांगू" तीनदा आलंय आणि पोरीला रात्र रात्र झोप लागत नाही हे एकदाच, तेही कंसात! मला आधी त्या कंसाची काळजी वाटते. ड्रॉपचा विषय आजपासून बंद करा, झोपेचं डॉक्टरांना दाखवा, आणि नातेवाईक विचारतील तेव्हा सांगा की आमचं ठरलंय, पुढे चहा घ्या. ते दोन दिवस बोलतील आणि विसरतील, तुमची मुलगी मात्र तुमचं बोलणं विसरणार नाही.

आता तुमचं वाक्य, "स्वयंपाक शिकायला कॉलेज कशाला, तो तिची आई घरीच शिकवेल". होम सायन्स हा विषय ज्यांनी उभा केला त्यात एलन स्वॅलो रिचर्ड्स ही बाई होती, केमिस्ट, अमेरिकेतल्या एमआयटीतून १८७३ साली पदवी घेतलेली पहिली स्त्री, आणि तिचं काम काय तर पिण्याच्या पाण्याची तपासणी. म्हणजे पाककृतीची वही नव्हेच. यातली संस्था व्यवस्थापनाची बाजू बघा, हॉस्पिटलचं किचन घ्या. सकाळी वॉर्डावॉर्डातून डाएटची यादी येते, कोणाला बिनमिठाचं, कोणाला डायबेटिक, कोणाला नुसतं लिक्विड, त्यावरून स्टोअरला इंडेंट, म्हणजे मालाची मागणी, जाते, मेथी जुडीने येते पण निवडल्यावर निम्मीच उरते हे धरून ऑर्डर द्यावी लागते, गरम जेवण ६० डिग्रीच्या खाली जाऊ द्यायचं नाही, थंड ५ च्या वर नाही, आणि किडनीच्या पेशंटची ट्रे शेजारच्या बेडला गेली तर जबाबदार कोण? हॉस्टेल, कंपनीचं कँटीन, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. माणसं, पैसा, माल, स्वच्छता.

आणि गंमत बघा, तुम्हीच लिहिलंय की बायको रोज पस्तीस डबे देते आणि पोरगी "अभ्यास सोडून वहीत खरडत बसते", कोणाची साखर बंद, कोणाचा गुरुवार, कुठली भाजी डब्यात तशीच परत आली. अहो, त्या खरडण्याचेच लोक पगार घेतात! तिची ती वही एकदा नीट वाचा तरी.

टीचरचं म्हणाल तर ते तुम्हाला वाटतं तेवढं सेफ नाही. ज्युनिअर कॉलेजला शिकवायचं तर एमएस्सी आणि बीएड, डिग्री कॉलेजला नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, आणि होम सायन्स हा विषय मुळात मोजक्याच ठिकाणी असतो, त्यामुळे जागा कमी. तिला शिकवायची आवड असेल तर जरूर जावं, पण लग्नाच्या बाजारासाठी बीएड नको. तुमच्या पत्रात तिला शिकवायचंय असं कुठेच नाही, ते तुमचंच आहे. माझं मत विचाराल तर होम सायन्समधल्याच फूड-न्यूट्रिशन किंवा रिसोर्स मॅनेजमेंट या शाखांकडे बघावं. हॉटेल मॅनेजमेंटची एन्ट्रन्स आहेच, पण तो वेगळा रस्ता, ड्युटीचे तास बघून ठरवा.

मुंबईत जुहूला एसएनडीटीचं एसव्हीटी कॉलेज आहे, न्यू मरीन लाइन्सला निर्मला निकेतन, माटुंग्याला बीएमएन. तुम्हाला माटुंगा सोयीचं, फक्त स्लो पकडा, फास्ट तिथे थांबत नाही. आधी फोन करून जा, प्रॅक्टिकल लॅब बघायला मिळेल का विचारा, कुठल्या शाखेला बारावीचे कुठले विषय लागतात आणि इंटर्नशिप कुठल्या हॉस्पिटलात की कँटीनला लागते तेही विचारा. प्रश्न तिला विचारू द्या, तुम्ही बाहेर बाकावर बसा. आणि यापुढचं पत्र मला तिच्याकडून हवंय.