‘शिव्हलरी’ म्हणजे स्त्रीदाक्षिण्य का?

आपला प्रश्न असा आहे : मध्ययुगीन युरोपवरील एका लेखाच्या अनुवादात ‘नाइट हे स्त्रीदाक्षिण्याच्या नियमांनी बांधलेले असत’ असे वाक्य आले असून, मूळ इंग्रजीतील ‘शिव्हलरी’साठी तेथे योजलेला ‘स्त्रीदाक्षिण्य’ हा शब्द योग्य आहे काय? आजच्या इंग्रजीतील शिव्हलरीसाठी, म्हणजे स्त्रीला आधी वाट देणे किंवा तिच्यासाठी दार उघडून धरणे यासाठी, तो नेमका आहे. चौदाव्या शतकातील नाइटाच्या, म्हणजे युरोपातील कुलीन घोडेस्वार योद्ध्याच्या, संदर्भात मात्र तो वाचकाला चुकीच्या दिशेने नेतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

शब्दाचे मूळ पाहिले की हे लगेच ध्यानात येते. इंग्रजीने हा शब्द जुन्या फ्रेंचमधील ‘शव्हालरी’वरून घेतला, तो ‘शव्हालिए’, म्हणजे घोडेस्वार, या शब्दापासून झाला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधील ‘काबाल्लुस’, म्हणजे घोडा, हा शब्द आहे. अभिजात लॅटिनमध्ये उमद्या घोड्याला ‘एक्वुस’ म्हणत आणि ‘काबाल्लुस’ हा ओझी वाहणारा साधा तट्टू असे. त्या तट्टाच्या नावावरून पुढे युरोपातील सर्वांत मानाच्या योद्धावर्गाचे नाव पडले, ही शब्दांच्या इतिहासातील मला फार आवडणारी गोष्ट आहे. इंग्रजीतील ‘नाइट’ची कथाही अशीच आहे, कारण जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ पोरगा किंवा चाकर असा होता. मध्ययुगीन फ्रेंचमध्ये शव्हालरी म्हणजे कधी घोडेस्वार योद्ध्यांचा समुदाय, कधी त्यांचा पराक्रम, तर कधी त्यांनी पाळावयाचा आचारधर्म. या तिन्ही अर्थांत स्त्री मध्यभागी नाही. मध्यभागी घोडा, शस्त्र आणि प्रतिष्ठा आहे.

याउलट ‘दाक्षिण्य’ हा ‘दक्षिण’वरून आलेला शब्द सौजन्याच्या कुळातला आहे. संस्कृत साहित्यशास्त्रात अनेक स्त्रियांशी सारख्याच आर्जवाने वागणारा तो दक्षिण नायक. त्या शब्दात तलवारीला कोठेही जागा नाही.

नाइटांना स्वतःला हा धर्म कसा दिसत होता, हे जोफ्रॉय द शार्नी या फ्रेंच नाइटाने 1350 च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथावरून कळते. जो अधिक करतो तो अधिक मोलाचा, हे त्याचे पालुपद आहे, आणि स्पर्धात्मक झुंजींपेक्षा प्रत्यक्ष युद्धातील पराक्रम त्याला श्रेष्ठ वाटतो. प्रिय स्त्रीच्या प्रेमामुळे योद्ध्याला हुरूप येतो असे तो म्हणतो खरा, पण तेथेही ते प्रेम पराक्रमाला बळ देणारे म्हणूनच येते. स्वतः शार्नी 1356 साली इंग्रजांविरुद्धच्या प्वातिएच्या लढाईत फ्रान्सच्या राजाचे पवित्र निशाण हाती असताना मारला गेला.

त्याच लढाईत फ्रान्सचा राजा दुसरा जॉन इंग्रजांच्या हाती सापडला. बखरकार फ्रुआसार सांगतो की, त्या रात्री विजेत्या इंग्रज राजपुत्र एडवर्डने कैदी राजाला स्वतः जेवण वाढले आणि त्याच्या पंगतीला बसण्याची आपली योग्यता नाही, असे म्हणून तो उभाच राहिला. पुढे 1360 साली तीस लाख सुवर्णमुद्रांची खंडणी ठरून राजा सुटला व काही जण ओलीस राहिले. परंतु त्या ओलिसांपैकी त्याचा स्वतःचाच मुलगा 1363 मध्ये पळून गेला, तेव्हा 1364 च्या आरंभी राजा आपण होऊन लंडनला परतला आणि त्याच वर्षी तेथेच वारला. त्याच्या परतण्यामागे वाटाघाटींचा हेतूही असावा, असे इतिहासकार म्हणतात. पण दिलेला शब्द आणि कुळाची अब्रू यांचे त्या वर्गाला केवढे मोल होते, हे या प्रसंगातून दिसते. यातील एकाही गोष्टीला स्त्रीदाक्षिण्य म्हणता येणार नाही, आणि तरीही हीच शिव्हलरी होय.

त्या धर्माची मर्यादाही शब्द निवडताना लक्षात ठेवली पाहिजे. याच राजपुत्राच्या सैन्याने 1370 साली फ्रान्समधील लिमोझ शहर लुटले. तेथे स्त्रियामुलांसह तीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली, असे फ्रुआसार लिहितो; आजचे इतिहासकार हा आकडा फुगवलेला मानतात, परंतु लूट व जीवितहानी झाली हे नाकारीत नाहीत. विधवा, अनाथ आणि दुर्बळ यांचे रक्षण हे नाइटाचे कर्तव्य आहे, असे रामोन ल्युल या कातालान लेखकाने तेराव्या शतकातच लिहून ठेवले होते. प्रत्यक्षात सौजन्याची अपेक्षा मुख्यतः बरोबरीच्या कुलीनांकडून आणि कुलीनांसाठीच होती. शेतकऱ्याच्या बायकोच्या वाट्याला ती क्वचितच येई.

मग मराठीत काय म्हणावे? ‘क्षात्रधर्म’ जवळचा वाटतो, पण तो जन्माने ठरणाऱ्या वर्णाशी जखडलेला आहे, तर नाइट कुलीन घरात जन्मला तरी त्याला नाइटपदाची दीक्षा घ्यावीच लागे. स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येणारा आपला शिलेदार नाइटाच्या पुष्कळ जवळ जातो. तथापि ‘शिलेदारी’ हे चाकरीच्या प्रकाराचे नाव आहे, आदर्शाचे नव्हे. मला ‘वीरधर्म’ हा शब्द सर्वांत योग्य वाटतो, कारण पराक्रम, स्वामिनिष्ठा, औदार्य, दिलेल्या शब्दाचे पालन आणि दरबारी सौजन्य हे सारे त्यात मावते. जेथे दरबारातील स्त्रीविषयक शिष्टाचाराचाच उल्लेख असेल, तेथे ‘स्त्रीदाक्षिण्य’ खुशाल वापरावे. आपल्या लेखातील वाक्य मी असे लिहीन : ‘नाइट वीरधर्माच्या नियमांनी बांधलेले असत.’