सध्या तुम्ही कोणतं पुस्तक वाचत आहात? आणि त्याबद्दल बोलायला माणसं कुठून आणता?

गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ वाचतेय. दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली, १९६६ची आवृत्ती. झाशी पडलीय, भटजी आणि त्यांचे काका जीव मुठीत धरून काल्पीच्या वाटेला लागलेत आणि मीही बरेच दिवस त्यांच्याबरोबर तिथेच रेंगाळलेय. दोन पानं पुढे गेले की पाच पानं मागे जाऊन काहीतरी परत बघावंसं वाटतं.

पुस्तक ठाऊक नसेल तर थोडक्यात सांगते. विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा भरपूर वाटली जाणार आहे, अशी खबर कोकणापर्यंत आली आणि हे गृहस्थ रामभटकाकांना घेऊन उत्तरेला निघाले. साल नेमकं १८५७. महूजवळ मुक्कामाला असताना शिपायांनीच कानावर घातलं की आता दंगा होणार आहे, तुम्ही आपले घरी जा. हे दोघं गेले नाहीत. पुढे धार, उज्जैन, ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, ब्रह्मावर्त, चित्रकूट, अयोध्या, काशी, आणि शेवटी आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन परत वरसई. कमावलेलं वाटेत लुटलं गेलं, पुन्हा कमावलं, पुन्हा लुटलं गेलं.

हे सगळं त्यांनी लिहून काढलं ते १८८३च्या सुमाराला, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. वैद्यांनी ते १९०७ साली छापलं, पण भाषा बदलून, कुठे कापून, कुठे भर घालून. मी कॉलेजात असताना वाचलेलं पुस्तक ते. आताचं हे वेगळं लागतं. वैद्यांचं पुस्तक सरळ चालतं, शिकलेल्या माणसाच्या हातून गेल्यासारखं. पोतदारांच्या आवृत्तीत भटजी स्वतः ओसरीवर बसून सांगताहेत असं वाटतं: वाक्य सुरू झालं की तीन वळणं घेऊन मगच थांबतं, मध्येच देवळाचं वर्णन, मध्येच जेवणात काय होतं ते. वैद्यांना नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. मला तसं वाटत नाही. १९०७ साली बंडाची हकीकत छापायची म्हणजे काय होतं, याचा अंदाज यावा म्हणून एवढंच आठवावं की त्याच्या पुढच्याच वर्षी टिळकांना ‘केसरी’तल्या लेखांवरून सहा वर्षांची शिक्षा झाली. संपादकाने हात आखडता घेतला असेल तर घेतला. मूळ कागद मात्र त्यांनी फेकून दिले नाहीत. ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात पोचले, म्हणून तर आज आपल्याला दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतात.

मला या पुस्तकात सगळ्यात काय आवडतं, तर भटजींना आपण इतिहास बघतोय याची फारशी फिकीर नाही. त्यांना दक्षिणेची फिकीर आहे. कुठल्या गावी काय मिळालं, कुठे चांगली शालजोडी पदरात पडली, कुठे यजमानाने निराशा केली, हा हिशेब बंडाच्या धामधुमीतही चालूच. त्यामुळे त्यांनी सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींवर माझा विश्वास बसतो. राणीचं वर्णनही असंच. पुतळ्यातली राणी नव्हे; सकाळी व्यायाम करणारी, मल्लखांब करणारी, घोडा फिरवणारी, मग स्नान-पूजा आणि मग दरबार बघणारी, अशी एका बाईची रोजची दिनचर्या. मग वेढा पडतो आणि हीच बाई रात्रंदिवस तटावर दिसायला लागते.

झाशी पडल्यानंतरची कत्तल आणि लूट वाचणं सोपं नाही. भटजी लपून बसलेत, जवळचे पैसे गोऱ्या शिपायांच्या हाती देऊन जीव वाचवलाय. आणि एवढ्या सगळ्यात हा माणूस वाड्यातल्या पुस्तकशाळेसाठी हळहळतो. झाशीच्या संग्रहात ग्रंथ इतके चांगले होते की काशीच्या पंडितांनाही तिथून नकला करून न्याव्या लागत. शिपायांनी पोथ्यांवरची रेशमी वस्त्रं तेवढी ओढून घेतली आणि पोथ्या फाडून बाहेर भिरकावल्या. मी हे पान तीन ठिकाणी वाचून दाखवलंय. ऐकणारे सोन्याचांदीच्या लुटीपर्यंत गप्प असतात, इथे मात्र कोणीतरी ‘अरेरे’ म्हणतंच.

काल्पीच्या वाटेवरची विहीर तर प्रसिद्धच आहे. तहानलेली राणी घोड्यावरून येते, भटजी पाणी शेंदून द्यायला पुढे होतात, तर ती म्हणते की तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नये. स्वतः मडक्याने पाणी काढते आणि ओंजळीने पिते. मग जे बोलते त्यात थकवा आहे, थोडा वैताग आहे, आणि आपण यात का पडलो याचा हिशेब आहे. मला मुद्दाम शब्दशः लिहायचं नाही, तिथे पोचाल तेव्हा वाचा.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. बोलायला माणसं कुठून आणता?

आम्ही ठाण्यात पाच-सहा जण महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतो. ओळख झाली ती मराठी ग्रंथ संग्रहालयात, पुस्तकं बदलायच्या टेबलाशी. (१८९३ची संस्था आहे, विनायक लक्ष्मण भाव्यांसारख्या माणसांनी सुरू केलेली. ठाण्यात राहून तिथे गेला नसाल तर आधी ते करा.) माझ्या पुढच्या माणसाच्या हातात काय आहे हे वाकून बघायची मला खोड आहे, त्यातून हे सगळं झालं. आमचा नियम एकच: वाचून संपलेलं पुस्तक आणायचं नाही. अर्धवट असलेलंच आणायचं आणि कुठवर आलात ते सांगायचं.

हा नियम विक्षिप्त वाटेल, पण त्याला कारण आहे. पुस्तक वाचून संपवलेला माणूस निकाल देतो. ‘छान आहे’, ‘ठीक आहे’, ‘पकाऊ आहे’. त्यावर तुम्ही काय बोलणार? ‘हो का’ म्हणून चहा प्यायचा. पण पुस्तकाच्या मध्यावर असलेल्या माणसाला अजून काही ठरवता आलेलं नसतं. त्याला शंका असतात, राग आलेला असतो, कोणावर तरी संशय असतो. तो बोलतो. सोशल मीडियावर जे ‘करंट रीड’ म्हणून कॉफीच्या मगाशेजारी पुस्तक ठेवून फोटो टाकतात, त्यांनी मगाऐवजी उघडं पान दाखवलं तर मी प्रत्येकाला उत्तर देईन. वर्षाला बावन्न पुस्तकांचा संकल्प सोडणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, त्यांना घाई असते.

गेल्या वेळची गंमत सांगते. आमच्यातल्या एका मुलीने, एमएला आहे ती, लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ घेतलं होतं. घेतलं म्हणजे लोकलमध्ये येता-जाता ऐकत होती. ऐकणं म्हणजे वाचणं का, यावर आमच्याकडे आधीच एकदा भांडण होऊन गेलंय, ते परत नको म्हणून सगळे गप्प बसले. ती अगदी सुरुवातीलाच होती. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं सांगत होती: बाजारातून आलेला जिन्नस धुऊन घ्यायचा, अगदी मीठसुद्धा. हसून हसून सांगत होती. मग म्हणाली, पण हे सोवळं असं उगीच नव्हतं आलं. जवळच्या नात्यातल्या माणसाला सत्तावनच्या बंडात फाशी झाली, त्यानंतर या माणसाच्या डोक्याने हे घेतलं.

मी मांडीवरचं पुस्तक उघडून बसले होते, ते तसंच राहिलं. मी ‘स्मृतिचित्रे’ किती वेळा वाचलं असेन, पण सोवळ्याचा भाग विनोदी म्हणूनच लक्षात राहिला होता. एकीकडे भटजी झाशीत लपून बसलेत आणि दुसरीकडे त्याच बंडाचा धसका नाशिककडच्या एका घरात मीठ धुण्यापर्यंत पोचलाय! पाठ्यपुस्तकात सत्तावन म्हणजे मेरठ, दिल्ली, कानपूर, झाशी. आपल्याकडे तेव्हा काय झालं, हे विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही.

त्यावर आमच्यातल्या एका ताईंनी शांतपणे भर घातली की झाशीची राणी माहेरची मणिकर्णिका तांबे आणि लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले. दोघींचं लग्नानंतर ‘लक्ष्मीबाई’ झालं. दोन्ही नावं मला स्वतंत्रपणे पाठ होती. शेजारी कधी ठेवली नव्हती. यातून काही सिद्ध होत नाही, मला माहीत आहे. पण अशी गोष्ट एकटीने वाचताना हाताला लागत नाही, त्यासाठी दुसऱ्याचं अर्धं पुस्तक लागतं.

मग वाद झाला तो वेगळ्याच मुद्द्यावर. भटजी लिहितात की विलायतेहून चौऱ्याऐंशी कलमांचा हुकूम आला होता, हिंदू-मुसलमानांचा धर्म बुडवणारा, आणि त्यावरून बंड पेटलं. एमएवाल्या मुलीचं म्हणणं, असा हुकूम कधी निघालाच नाही, मग अशा माणसावर किती विसंबायचं? मी म्हटलं, भटजी डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं एकाच आवाजात सांगतात, ते वेगळं करणं आपलं काम. अफवा खोटी असेल, पण ती महूच्या धर्मशाळेत कोणत्या रूपात फिरत होती ते याच पुस्तकात सापडतं. काडतुसांच्या चरबीबद्दल सगळेच लिहितात, चौऱ्याऐंशी कलमांबद्दल फार थोडे. ती म्हणाली, आणि त्यांची जातीची नजर? तीही आहे. भटजींना माणूस दिसायच्या आधी त्याची जात दिसते, आणि ब्राह्मणाला झालेला त्रास त्यांना बाकीच्यांच्या त्रासापेक्षा मोठा वाटतो. हे मी नाकारलं नाही, नाकारण्यासारखं नाहीच. तिचं समाधान झालं असं मला वाटत नाही.

एसटीतून निवृत्त झालेले एक काका येतात, ते कृष्णात खोतांचं ‘रिंगाण’ वाचताहेत. २०२३चा साहित्य अकादमी मिळाला तेव्हाच विकत घेतलं होतं, उघडलं आत्ता. धरणामुळे उठलेल्या गावातल्या माणसांच्या मागे म्हशी राहिल्या, त्या रानात रानटी झाल्या, आणि त्यांना आणायला माणसं परत जातात, अशी गोष्ट. काकांचं स्वतःचं मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं. ते पुस्तकाबद्दल फार बोललेच नाहीत. त्यांच्या आजीने उठताना जातं मागे ठेवलं, कारण ते न्यायला गाडीत जागा नव्हती; ती पुढे मरेपर्यंत दुसऱ्याच्या जात्यावरच्या पिठाला नावं ठेवायची, एवढं सांगितलं. ‘तिसावं पान आहे, हळूहळू जातो,’ म्हणाले. त्यांना कोणी ‘मग कसं वाटतंय?’ असं विचारलं नाही, हे बरं झालं.

तुम्हाला माणसं जमवायची असतील तर मंडळ, नाव, लोगो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप यांच्या भानगडीत आधीच पडू नका. ग्रुप आला की सुप्रभात आलं. घरात एक माणूस असला तरी पुरतं. माझे सासरे वाचत नाहीत, पण रात्री जेवण झाल्यावर मी भटजींची दोन पानं मोठ्याने वाचते, तेव्हा टीव्हीचा आवाज ते स्वतः कमी करतात. ते पूर्वी दोनदा काशीला जाऊन आलेत. त्यामुळे भटजी कुठल्या वाटेने गेले, इथून तिथे पायी किती दिवस लागले असतील, यावर ते माझ्याशी हुज्जत घालतात. आमच्याकडे सध्या नकाशा कायम टेबलावर पडलेला असतो.

पुस्तक मिळवायचं म्हणाल तर पोतदारांची आवृत्ती दुकानात शोधत बसण्यापेक्षा जुन्या वाचनालयात विचारा. तिथे फडताळात हमखास मागच्या रांगेत असते, आणि ग्रंथपालाला प्रवासवर्णनात बघू का चरित्रात, असा प्रश्न पडतो. दोन्हीकडे बघायला सांगा. वैद्यांचा मजकूर प्रताधिकारातून मोकळा झालाय, त्यामुळे तो सहज मिळेल. पहिल्यांदाच वाचत असाल तर वैद्यांचाच घ्या, भाषा अडणार नाही. मात्र झाशीपर्यंत आलात की थांबा आणि जमलं तर तेवढी प्रकरणं पोतदारांकडे वाचा. प्रस्तावना शेवटी वाचलीत तरी चालेल.