शिडाच्या छोट्या बोटीतून आर्क्टिकच्या समुद्री बर्फापर्यंत जाता येतं का? मोठ्या क्रूझपेक्षा ते बरं का?

जाता येतं, आणि माझ्या मते बरंही आहे, पण तुम्ही जे कारण दिलंय त्यासाठी नाही. तुम्ही विचारलंय की नॉर्वेच्या उत्तरेच्या स्वालबार्ड बेटांवरून दहा-बारा जणांच्या शिडाच्या बोटीने उत्तरेला गेलं तर बोट छोटी असल्यामुळे बर्फात जास्त आत शिरता येईल का. नेमकं उलटं आहे. आत शिरतात ती मोठी, आईस-क्लास वाली, म्हणजे बर्फासाठी मजबूत बांधलेली जहाजं. छोटी बोट बर्फाच्या कडेपाशी थांबते, कडेकडेने फिरते, जरा फट दिसली तर हळूच नाक खुपसते आणि स्किपरला, म्हणजे बोटीच्या कप्तानाला, आवडलं नाही की मुकाट बाहेर येते. बोटीचा सांगाडा स्टीलचा असला तरी प्रॉपेलर आणि सुकाणू तर पाण्याखाली उघडेच ना, आणि तिकडे मदत यायची म्हणजे हेलिकॉप्टर, तेही हवामान चांगलं असेल तर.

मी गेलो होतो ते जून संपता संपता, लाँगइयरबिएनहून. स्वालबार्डचं हे मुख्य गाव ७८ अंश उत्तरेला आहे आणि तरीही उन्हाळ्यात तिथल्या फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या खाडीत, साधी बोट फिरते, कारण अटलांटिकचा कोमट प्रवाह स्वालबार्डच्या पश्चिम किनाऱ्याने वर जातो. म्हणून सगळेजण पश्चिमेकडूनच उत्तरेला जातात, पूर्वेकडची बाजू बर्फाने बराच काळ अडलेली असते. वाटेत न्यू-ओलसुंड हे संशोधकांचं गाव लागतं, भारताचं हिमाद्री संशोधन केंद्र २००८ पासून तिथेच आहे. तिथे रेडिओ टेलिस्कोप असल्यामुळे २० किलोमीटरच्या आत शिरायच्या आधी सगळ्यांनी वायफाय, ब्लूटूथ बंद करायचं, मोबाईल एअरप्लेन मोडवर, अगदी स्मार्टवॉचसुद्धा. पुढे डान्सकोया बेट, राउडफ्योर्ड, मग मोफेन नावाचं चपटं बेट, जिथे वॉलरस, म्हणजे लांब सुळ्यांचे सीलसारखे मोठे प्राणी, पडलेले असतात आणि १५ मे ते १५ सप्टेंबर ३०० मीटरच्या आत जायला बंदी. हे बेट ८० अंशाच्या अगदी जरासं वर आहे, त्यामुळे बोटीवर फोटोंचा पाऊस पडतो. खरं सांगायचं तर ८० हा नुसता आकडा आहे, पाणी तसंच, थंडी तशीच.

आता बर्फ कुठे भेटेल हे कोणीच बुकिंगच्या वेळी सांगू शकत नाही, जो सांगतो त्याच्याकडे बुकिंग करू नका. नॉर्वेचं हवामान खातं सोमवार ते शुक्रवार बर्फाचा चार्ट काढतं, त्यात रंगावरून कळतं की समुद्राच्या दहा भागांपैकी किती भाग बर्फ आहे. आमचा स्किपर दहापैकी तीनच्या वर गेला की आत जायचं नावच काढायचा नाही. शनिवार-रविवारी नवा चार्ट येत नाही आणि वारा काही सुट्टी घेत नाही, त्यामुळे सोमवारपर्यंत शुक्रवारच्या चित्रावर विसंबून चालत नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं.

मे-जूनमध्ये बर्फ जवळ असतो पण उत्तरेचे फ्योर्ड कधीकधी बंद असतात. ऑगस्टमध्ये सगळं उघडतं पण बर्फाची कड कुठल्या कुठे वर सरकते. हा हिशेब लोक करत नाहीत. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, छोटी बोट तासाला सहा मैल धरली तर एका अंशाला दहा तास. कड ८२ वर असेल तर ८० पासून वीस तास जायला आणि वीस यायला, उघड्या समुद्रात, मध्ये आडोसा नाही, आणि अर्धी मंडळी बादली धरून. सप्टेंबरमध्ये बर्फ वर्षातला सगळ्यात कमी असतो, २०१२ च्या सप्टेंबरात तर पूर्ण आर्क्टिकमध्ये सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर एवढाच उरला होता, १९७९ पासून सॅटेलाइटने मोजायला लागले त्यातला सगळ्यात कमी. म्हणून ‘गॅरंटीड पॅक आईस’ (तरंगत्या समुद्री बर्फाची हमी) असलं काही ब्रोशरमध्ये दिसलं तर महिना कोणता ते आधी बघा.

कड येते ती आधी आकाशात दिसते. ढग खाली असतील तर ढगांच्या पोटावर एका बाजूला पांढरट चकाकी येते, तो खालचा बर्फ, आणि जिथे मोकळं पाणी आहे तिथे ढग काळपट दिसतात. जुने दर्यावर्दी यावरूनच रस्ता शोधायचे आणि आमच्याही बोटीवर रडारपेक्षा याचाच उपयोग जास्त झाला, कारण पाण्याच्या बरोबरीने तरंगणारा छोटा तुकडा रडारला बऱ्याचदा दिसतच नाही. मग धुकं, कडेवर धुकं फार. आणि मग एकेक लादी दिसायला लागते.

इथे एक घोळ बऱ्याच जणांचा होतो. हिमनदीतून तुटून पडलेला निळा हिमखंड वेगळा आणि समुद्राचं पाणी उणे १.८ डिग्रीला गोठून झालेला बर्फ वेगळा. समुद्री बर्फ म्हणजे डोंगर नाही, सपाट लाद्या असतात, मीटर-दोन मीटर जाड, वर वितळलेल्या पाण्याची फिरोजी डबकी, उलटलेली लादी दिसली तर खालची बाजू तपकिरी, ते शेवाळ. त्या शेवाळावर बारीक जीव, त्यांच्यावर पोलर कॉड मासा, त्याच्यावर सील, सीलवर अस्वल. म्हणजे ज्याच्यासाठी सगळे कॅमेरे घेऊन आलेले असतात त्याचा सगळा संसार त्या घाणेरड्या दिसणाऱ्या तपकिरी थरावर चाललाय. आमच्यातल्या कोणी त्याचा फोटो काढला नाही.

लादीचा धोका वर दिसत नाही. लाटा पाण्याच्या रेषेवर बर्फ खातात, त्यामुळे वरचा भाग आत गेलेला आणि खालचा पाण्याखाली पायरीसारखा बाहेर आलेला असतो, फिकट हिरवट दिसतो. बोटीच्या पुढच्या टोकाला दोघेजण उभे, हातात लांब लाकडी दांडा, टोकाला लोखंडी अणी, आणि काम एवढंच की ती हिरवट पायरी कुठे आहे ते ओरडून सांगायचं आणि छोट्या लाद्या दांड्याने बाजूला रेटायच्या. रेटायच्या म्हणजे ढकलायचं नाही हां, दांडा टेकवून अंगाचा भार टाकून थांबायचं. आधी वाटतं काहीच होत नाहीये, मग तो काही टनांचा तुकडा अगदी सावकाश सरकायला लागतो. हात मारून ढकलायला गेलात तर तुम्हीच पाण्यात. तिकडे सुकाणूवर स्किपर गिअर न्यूट्रल-पुढे-न्यूट्रल करत असतो, आणि रिव्हर्स घ्यायचा झाला तर आधी सुकाणू बरोब्बर सरळ, नाहीतर मागच्या बर्फावर आपटून तेच मोडायचं.

आणि हो, हे सगळं इंजिनवर. सेलिंग एक्स्पिडिशन म्हटलं तरी बर्फात शीड कोणी उभारत नाही, कारण शिडाला ब्रेक नसतो. शिडाची मजा येतानाच्या आणि जातानाच्या टप्प्यात, वारा बरा मिळाला तर. पण कडेपाशी पोचल्यावर इंजिन बंद करून नुसतं तरंगत राहता येतं, आणि माझ्या दृष्टीने छोट्या बोटीचा खरा फायदा हा. मोठ्या जहाजावर तुम्ही पाच-सहा मजले वर असता, जनरेटर चालू असतो. आमच्या डेकपासून पाणी हाताच्या अंतरावर होतं, लाद्या एकमेकींना घासतात तो आवाज, सील श्वास सोडतो तो आवाज, सगळं ऐकू येतं. बाहेर समुद्र उसळत असला तरी बर्फात थोडं आत गेलं की लाटा दबून जातात, पोटाला आराम.

वाऱ्याची दिशा मात्र सतत बघावी लागते. बर्फाकडून वारा आला की कड सुटी होते आणि लाद्या तुमच्याकडे वाहत येतात. बर्फाच्या दिशेने वारा सुटला की सगळं दाबून घट्ट होतं आणि तुम्ही आत असाल तर अडकलात. १७७३ मध्ये फिप्स या ब्रिटिश कॅप्टनची रेसहॉर्स आणि कारकस ही दोन जहाजं अशीच स्वालबार्डच्या उत्तरेला, ‘सात बेटं’ नावाच्या बेटांपाशी अडकली, जहाजं सोडून होड्या बर्फावरून ओढत न्यायला सुरुवात झाली होती, तेवढ्यात बर्फ सुटला. कारकसवर १४ वर्षांचा एक पोरगा होता, होरेशिओ नेल्सन. तिथल्या एका बेटाला आज फिप्सोया म्हणतात. अडीचशे वर्षांनी आपल्याकडे सॅटेलाइटची चित्रं आहेत पण वारा फिरला की करायचं तेच, वेळेत बाहेर पडायचं.

अस्वलासाठी जात असाल तर जरा थांबा. १ जानेवारी २०२५ पासून नियम कडक झालेत, अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून ५०० मीटर. अस्वल स्वतःहून जवळ आलं तरी मागे सरकायची जबाबदारी तुमची. ५०० मीटरवरून अस्वल म्हणजे पिवळसर ठिपका, चांगली दुर्बीण न्या, मोबाईलचा झूम विसरा. संरक्षित भागात आता ठरलेल्या ४३ जागीच उतरता येतं, ड्रोनलाही तिथे बंदी. किनाऱ्यावर उतरलात की गाइडच्या खांद्याला रायफल आणि सगळ्यांनी त्याच्या मागे, ‘मी जरा तिकडे जाऊन येतो’ हे चालत नाही.

बोटीवरच्या राहण्याचं थोडक्यात सांगतो. अरुंद बंक, केबिनमध्ये अनोळखी माणूस, आंघोळ जवळजवळ नाहीच, आणि पहारा सगळ्यांना. नांगर टाकल्यावरही कोणीतरी जागं लागतंच, कारण फ्योर्डमध्ये हिमनदीचे तुकडे वाहत येऊन साखळीत अडकतात. पहाटे तीनला सूर्य आकाशात आणि तुम्ही दांडा घेऊन उभे. ज्याला सुट्टी म्हणजे कोणीतरी चहा आणून द्यावा असं वाटतं त्याने सरळ क्रूझ घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. छोटी बोट स्वस्त पडेल असंही समजू नका, माणसं कमी म्हणजे खर्च कमी डोक्यांत वाटला जातो.

कपड्यांत जीन्स-कॉटन काही नको, आत लोकर, वर वारा-पाणी अडवणारं, आणि हातमोज्यांच्या दोन जोड्या जास्त, कारण दांडा धरून पहिली जोडी ओली होतेच.

कागदपत्रांत एक गोष्ट बघा. १९२० च्या स्वालबार्ड करारामुळे स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा लागत नाही, पण ते शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांच्या गटाच्या, बाहेर आहे आणि विमान नॉर्वेतल्या ऑस्लो किंवा ट्रोम्सोवरून जातं. म्हणजे येताना तुम्ही शेंगेनमध्ये पुन्हा शिरता. सिंगल एन्ट्री व्हिसा घेतलात तर परतीला लटकाल, डबल किंवा मल्टिपलच मागा. इन्शुरन्समध्ये शोध आणि बचावाचा खर्च धरलाय का ते लेखी घ्या, लाँगइयरबिएनचं हॉस्पिटल छोटं आहे, गंभीर काही झालं तर पुढे ट्रोम्सोलाच नेतात. आणि ऑपरेटरला दोन प्रश्न विचारा, कडेपाशी थांबायला किती दिवस मोकळे ठेवलेत, आणि पहाऱ्यावर एका वेळी किती जण असतात. पहिल्याचं उत्तर एक दिवस असं आलं तर मी त्या ट्रिपला जाणार नाही.